पुपुसा फुटतात त्या पिठामुळे: घरी करताना नेमकं काय सांभाळायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकेत व्हर्जिनियाला मुलीकडे गेल्यावर मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोर देशाच्या पुपुसा, म्हणजे आत सारण भरून तव्यावर भाजलेल्या मक्याच्या जाडसर भाकऱ्या, खाल्ल्या, फार आवडल्या. पुण्याला परतल्यावर मक्याचं पीठ आणून, आत किसलेलं चीज आणि अख्खा राजमा भरून करून पाहिल्या. थापतानाच कडा चिरल्या, चीज तव्यावर वाहून जळलं आणि उरलेल्या दोन-चार दुपारपर्यंत कडक झाल्या. चुकतंय कुठे, आणि भारतात मिळणाऱ्या सामानात हे जमेल का?

जमेल. थापण्यात तुमचं फारसं काही चुकलेलं नाही, सारणाचं पुढे बघू. मुळात पीठच दुसरं आहे. मक्याच्या भाकरीचं पीठ म्हणजे वाळलेला मका जसाच्या तसा दळलेला. पुपुसाचा मका दळण्याआधी चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर मुरवलेला असतो. मध्य अमेरिकेत ही पद्धत हजारो वर्षं चालत आली आहे, तिला निश्तमाल करणं म्हणतात. चुना नसेल तिथे लाकडाची राख वापरायचे. बाकी सगळं, म्हणजे चीज कुठलं, तवा कुठला, हे या एका गोष्टीनंतर येतं. मेरीलंडमधल्या एका केटरिंगच्या स्वयंपाकघरात साल्वाडोरच्या बायकांच्या शेजारी उभी राहून मी हे काम शिकले आणि अजून करते. तिथे नव्या माणसाला आधी पिठाला हात लावायला देतात, सारणाकडे फिरकू देत नाहीत. ते बरोबरच आहे.

चुन्यानं नेमकं काय होतं ते सांगते, कारण ते कळलं की पुढच्या अर्ध्या अडचणी आपोआप सुटतात. मक्याच्या दाण्याचं साल ज्या चिवट द्रव्यानं दाण्याला धरून असतं, ते चुन्याच्या पाण्यात विरघळतं. साल सुटतं, आणि त्याचा जो बुळबुळीत भाग उरतो तो पिठात डिंकाचं काम करतो. दाण्यातला स्टार्च शिजताना अर्धामुर्धा फुगून चिकट होतो. मक्यात ग्लुटेन नाही, त्यामुळे गव्हाच्या कणकेसारखा ताण त्याला कधीच येणार नाही. जी काही पकड यायची ती या चिकटपणातून. कोऱ्या मक्याच्या पिठात ती नसते, म्हणून कडा चिरतात. शिवाय चव. गरम टॉर्टियाचा, म्हणजे तिकडच्या मक्याच्या पातळ पोळीचा, जो खास वास येतो तो चुन्यात शिजलेल्या मक्याचाच असतो.

आणखी एक फायदा पोटाचा. मक्यातलं नियासिन नावाचं जीवनसत्त्व बांधलेल्या अवस्थेत असतं, शरीराला ते मिळत नाही. चुन्यानं ते मोकळं होतं. युरोपीय लोकांनी अमेरिकेतून मका नेला, पण चुना तिथेच राहिला. पुढे उत्तर इटलीत मक्यावर जगणाऱ्या गरिबांमध्ये नियासिनच्या कमतरतेचा पेलाग्रा हा रोग पसरला, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेतही तेच झालं. ज्यांनी मका पहिल्यांदा पिकवला त्यांच्याकडे हा रोग नव्हता.

आता भारतात काय घ्यायचं? दुकानात ‘मक्याचं पीठ’ म्हणून मागितलं की तीन-चार वेगळ्या वस्तू हातात येऊ शकतात. कॉर्नफ्लोअर, म्हणजे ते पांढरं शुभ्र, सूप दाट करायचं, ते नुसतं स्टार्च आहे. त्याची पुपुसा होत नाही. भाकरीचं पिवळं पीठ म्हणजे कोरा दळलेला मका. व्हेनेझुएलाच्या अरेपाचं, म्हणजे तिथल्या मक्याच्या जाड भाकरीचं, पीठ आधी शिजवून वाळवलेलं असतं पण त्यात चुना नसतो. ते छान मऊ मळलं जातं, पण चव दुसरीच येते. तुम्हाला हवं आहे ते ‘मासा हरिना’. चुन्यात शिजवलेल्या मक्याचं ओलं पीठ वाळवून केलेलं हे कोरडं पीठ. मोठ्या शहरांतल्या परदेशी सामानाच्या दुकानांत आणि ऑनलाइन ते मिळतं, स्वस्त नसतं. पाकिटावर मका आणि चुना एवढेच घटक असले की झालं. टॉर्टियाचं चालेल, तमालेचं (पानात गुंडाळून वाफवलेला मक्याचा पदार्थ) म्हणून मिळतं ते जरा जाडसर असतं, ते टाळा.

पाकीट मिळालं तर पहिल्यांदा त्यानंच करा. आठ पुपुसांसाठी दोन कप मासा हरिना, म्हणजे साधारण 240 ग्रॅम, अर्धा छोटा चमचा मीठ आणि पावणेदोन कप कोमट पाणी. पाकिटावर लिहिलेलं प्रमाण टॉर्टियाचं असतं आणि त्यात पाणी कमी असतं. पुपुसाचं पीठ त्याहून सैल हवं. पाणी घालून दोन-तीन मिनिटं मळा आणि ओल्या फडक्याखाली पंधरा-वीस मिनिटं ठेवा. सुकं पीठ पाणी हळूहळू पितं, त्यामुळे मळताना बरोबर वाटलेलं पीठ वीस मिनिटांनी घट्ट झालेलं असतं. तेव्हा पुन्हा हात ओला करून मळायचं. बरेच जण इथेच घाई करतात.

परीक्षा सोपी आहे. लिंबाएवढी गोळी करून तळहातावर अंगठ्यानं दाबा. कडेला भेगा पडल्या तर पाणी कमी आहे. चमचाभर घाला, मळा, परत दाबा. बोटांना लगदा चिकटून राहिला तर जास्त झालं. दाबल्यावर कड गुळगुळीत गोल राहिली आणि अंगठा स्वच्छ निघाला की पीठ तयार. आमच्या किचनमधली सगळ्यांत अनुभवी बाई परातीतल्या पिठाकडे बघतही नसे. येता-जाता अंगठा रुतवायची, कडेकडे नजर टाकायची आणि दोन बोटांनी पाणी शिंपडून पुढे जायची. दुपारी पंखा लागला की हा फेरा वाढायचा, कारण पीठ वरून सुकत राहतं. कोरड्या हवेत तुम्हीही दर दोन पुपुसांनंतर पिठाला ओला हात लावा.

पाकीट मिळालं नाही, किंवा मुळापासून करायची हौस असेल, तर मका घरीच निश्तमाल करता येतो. आपल्याकडे त्याला लागणारी वस्तू प्रत्येक पानाच्या टपरीवर आहे: खाण्याचा चुना. साधा पांढरा घ्या, वास किंवा रंग घातलेला नको. अर्धा किलो वाळलेला मका लागेल. तोही भाकरीचा, स्वीट कॉर्न किंवा पॉपकॉर्नचा नाही. पांढरा मिळाला तर उत्तम, कारण साल्वाडोरमध्ये पांढराच जास्त वापरतात, पण पिवळ्यानं काही बिघडत नाही. एक मात्र बघा: मका पेरायच्या बियाण्याचा नको, त्याला औषध लावलेलं असतं. किराण्याकडचा खाण्याचाच हवा.

मका निवडून धुवा. दोन लिटर पाण्यात दीड छोटा चमचा ओला चुना नीट कालवा. चुन्याची पावडर असेल तर पाच ग्रॅम, म्हणजे मक्याच्या एक टक्का. भांडं स्टीलचं घ्या. ॲल्युमिनियमचं अजिबात नको, चुना त्याला खातो. कालवताना डोळ्यांत उडू देऊ नका. मका घालून उकळी आणा आणि मग मंद आचेवर अर्धा ते पाऊण तास ठेवा. दाणा काढून बोटांत चोळा: साल बुळबुळीत होऊन सुटलं पाहिजे, आणि दाणा चावल्यावर मधोमध अजून थोडा कच्चट लागला पाहिजे. पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवलात तर पीठ पचपचीत होतं आणि मग त्यावर काही उपाय नाही. गॅस बंद, झाकण, आणि रात्रभर तसंच.

सकाळी पाणी पिवळट आणि चिकट दिसेल. ते ओतून द्या, मका तीन-चार पाण्यांतून धुवा, चोळून सालं काढा. सगळी काढायचा अट्टहास मात्र नको. थोडी राहिली तर पिठाला पकड येते, फार घासूनपुसून धुतलेल्या मक्याचं पीठ तुटतं. मग दळण. साल्वाडोरच्या गावांत सकाळी बायका धुतलेला मका घमेल्यात घेऊन ‘मोलिनो’वर, म्हणजे गिरणीवर, जातात, ओलं दळण करून आणतात. आपल्या पिठाच्या गिरणीत ओला मका कोणी घालू देणार नाही. इडलीचा दगडी ग्राइंडर असेल तर काम झालं: थोडा थोडा मका, पाण्याचा नुसता शिपका, आणि धीर. मिक्सरमध्ये पाणी जास्त लागतं आणि रवाळ कण उरतात, त्या कणांपाशीच पुढे चीर पडते. मिक्सरच असेल तर अगदी थोडा थोडा मका घेऊन थांबत थांबत फिरवा. पीठ सैल झालंच तर जाड सुती फडक्यावर अर्धा तास पसरून ठेवा, पाणी खेचलं जातं. मीठ दळल्यावर घालायचं.

चुन्याची निवळी भाकरीच्या पिठात घालून मळली तर? हा प्रश्न मला दरवेळी येतो. नाही जमत. पीठ जरा पिवळं होतं, थोडा वास येतो, पण जे काही घडायला हवं ते अख्खा दाणा शिजताना आणि रात्रभर मुरताना घडतं. फक्त भाकरीचंच पीठ घरात असेल तर उकळत्या पाण्याची उकड काढा, गरम असतानाच मळा आणि भरा. सातपुड्याकडच्या घरांत मक्याची भाकरी रोजची असते, त्यांचा हात या पिठावर बसलेला असतो. त्यांना तर हे सहज जमेल. होते ती चांगली भरलेली भाकरी. पुपुसाची चव तिला येत नाही, आणि तशी अपेक्षाही ठेवू नये.

मोदक करणाऱ्या घरांसाठी एक जवळची वाट आहे, आणि ती साल्वाडोरचीच आहे. राजधानी सान साल्वाडोरहून विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओलोकुइल्ता नावाचं गाव आहे. तिथल्या पुपुसा मक्याबरोबरच तांदळाच्या पिठाच्याही होतात आणि देशभर त्यासाठीच गाव ओळखलं जातं. रस्त्याच्या कडेला ओळीनं पुपुसेऱ्या, म्हणजे पुपुसांची दुकानं, विमानतळावर जाणारे-येणारे हमखास थांबतात. तांदळाच्या पुपुसा पांढऱ्या, बाहेरून जास्त कुरकुरीत आणि आतून किंचित चिकट होतात. ज्यांना उकड काढायची सवय आहे त्यांनी मोदकाची उकड थोडी सैल काढून, तेल-मीठ घालून मळावी आणि खाली सांगितलं आहे तसंच पुढे जावं. चुना नको, मासा हरिना नको. पुण्यात बसून अस्सल साल्वाडोरी पुपुसा खायची असेल तर माझ्या मते सगळ्यांत खात्रीचा मार्ग हाच आहे, आणि गंमत म्हणजे तो कोणी सुचवत नाही.

आता सारण. तिथे नियम एकच: सगळं वाटलेलं हवं. तुम्ही अख्खा राजमा आणि किसलेलं चीज भरलंत, असं लिहिलं आहे. अख्खा दाणा थापताना पिठाला टोचतो आणि तिथून पीठ फाटतं. साल्वाडोरमध्ये बारीक लाल घेवडा वापरतात. तो शिजवून, वाटून, कांद्याबरोबर चरबीत परततात, इतका की कढईच्या कडा सोडून एका गोळ्यात येतो. आपल्याकडे लहान दाण्याचा लाल राजमा घ्या, रात्रभर भिजवा, ते पाणी टाकून द्या, कुकरमध्ये अगदी मऊ करा. कच्चट राहिलेला राजमा पोटाला त्रास देतो, तिथे कसूर नको. मग मिक्सरमध्ये वाटून तेलात परता. पाणी आटून चमच्यानं उचलला की पडणार नाही, इतका घट्ट झाला पाहिजे. गार झाल्यावरच भरा. गरम सारण पिठाला आतून ओलं करतं.

चीज तिथे ‘केसीयो’ नावाचं असतं, पांढरं, ओलसर, ताणलं जाणारं. आपल्या बाजारात त्याच्या सगळ्यांत जवळचं म्हणजे मोझरेला. पण किसून पाकिटात भरलेला घेऊ नका, त्याच्या कणांना मोकळं ठेवण्यासाठी स्टार्च चोळलेला असतो, तो एकजीव होत नाही. सलग तुकडा आणा, बारीक किसा, चमचाभर दूध किंवा साय घालून तळहातानं परातीत रगडा. दोन-तीन मिनिटांत त्याचा मऊ गोळा होतो. आमच्याकडे चीज असंच मळून ठेवतात. जे दिसतं ते चीज कमी आणि लोणी जास्त वाटतं. मीठ चाखून बघा, मोझरेला आळणी असतो. थोडं प्रोसेस्ड चीज किसून घातलं तर खारटपणाही येतो. पनीर वितळत नाही, त्यामुळे नुसतं पनीर नको. चीज महाग वाटत असेल तर तिसरा हिस्सा पनीर रगडून मिसळा, चालतं.

आठ पुपुसांना मळलेलं चीज 200 ग्रॅम आणि परतलेला राजमा सव्वाशे ग्रॅमच्या आसपास पुरे. दोन्ही एकत्र मळून घेतलं की हात चुकायची शक्यता कमी होते. राजम्यानं चीजला आधार मिळतो आणि ते वाहत नाही. नुसत्या चीजची पुपुसा सगळ्यांत सोपी दिसते आणि सगळ्यांत जास्त फुटते. ती हात बसल्यावर करा.

मांसाहारी सारणाला ‘चिचारोन’ म्हणतात. ते मेक्सिकोच्या कुरकुरीत कातडीच्या चिचारोनहून वेगळं असतं. इथे डुकराचं मांस स्वतःच्याच चरबीत शिजवून, टोमॅटो, ढोबळी मिरची आणि कांद्याबरोबर वाटून लगदा करतात. चिचारोन, राजमा आणि चीज तिन्ही एकत्र असलेल्या पुपुसांना ‘रेव्हुएल्तास’, आणि बहुतेक पुपुसेऱ्यांत सगळ्यांत जास्त खपतात त्या याच. भाज्यांत ‘आयोते’, म्हणजे कोवळा भोपळा किसून, पिळून, चीजमध्ये. हे घरी फार छान होतं. दुधी किंवा कोवळा लाल भोपळा किसून मीठ लावा, दहा मिनिटांनी घट्ट पिळा. न पिळता घातला तर आत पाणी सुटून पुपुसा फुटलीच म्हणून समजा.

आणि लोरोको. व्हर्जिनियात तुम्ही जी हिरवट कळ्यांची, उग्र वासाची पुपुसा खाल्ली असं लिहिलंय ती बहुतेक लोरोकोचीच. हा एक वेल आहे, त्याच्या न उमललेल्या कळ्या खातात. भारतात त्या मिळत नाहीत. अमेरिकेत गोठवलेल्या किंवा बरणीत मिठाच्या पाण्यातल्या मिळतात. मुलगी येणार असेल तर बरणी मागवा. बदली म्हणून शेवग्याची फुलं घालावीत असं एकदा कोणी सुचवलं. पिळून, बारीक चिरून घातली तर चव छान येते, अवश्य घाला, फक्त त्याला लोरोको म्हणू नका. तो वास वेगळाच आहे आणि मला तरी दुसऱ्या कुठल्याही भाजीत सापडलेला नाही.

भरायचं कसं, यावर जरा थांबते, कारण निम्मी कला इथेच आहे. वाटीभर पाण्यात चमचाभर तेल घालून बाजूला ठेवा. प्रत्येक पुपुसाआधी दोन्ही तळहात त्यात बुडवायचे. नुसतं पाणी लवकर सुकतं, नुसतं तेल पिठाला घसरवतं. मोठ्या लिंबाहून थोडा मोठा गोळा घ्या, साधारण 80 ग्रॅम. डाव्या तळहातावर ठेवून उजव्या अंगठ्यानं वाटी करा, कडा पातळ, तळ जाड. सारण चमचा-दीड चमचा, मधोमध. पहिल्या वेळी कमीच भरा. पुरणपोळीचा उंडा भरणाऱ्या हाताला इथून पुढचं शिकवावं लागत नाही: कडा वर ओढून मिटवायच्या. एक फरक आहे. वर जी शेंडी जमते ती दाबून आत घालू नका, चिमटीनं तोडून परत परातीत टाका. तसं केलं नाही तर एका बाजूला पिठाचा जाड थर राहतो, तिथे कच्चट लागतं, आणि दुसरी बाजू पातळ होऊन फुटते. शेंडी तोडली की गोळा हातात दोनदा गोल फिरवा, म्हणजे जोड बुजतो.

मग थापणं. भाकरी परातीत थापतात, पुपुसा दोन तळहातांमध्ये. गोळा डाव्या हातावर, उजव्या हातानं हलकी टाळी, लगेच थोडा फिरवून उजव्या हातावर घ्यायचा, परत टाळी. दर टाळीला गोळा थोडा वळतो. मधोमध जोर द्यायचा नाही. बोटांच्या मुळाशी, तळहाताच्या वरच्या भागानं कडेकडे दाब द्यायचा, म्हणजे सारण कडेपर्यंत सरकतं. करंगळीच्या बाजूनं कड सावरत राहायचं. चीर दिसली तर ओलं बोट फिरवून तिथेच बुजवा. 12-13 सेंटिमीटर रुंद आणि बोटाच्या जाडीहून थोडी कमी जाड झाली की थांबा. अनुभवी पुपुसेरा, म्हणजे पुपुसा करणारी बाई, हे सगळं बोलता-बोलता दहा-पंधरा सेकंदांत करते. तिच्याकडे बघून नाउमेद होऊ नका. सुरुवातीला दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये ठेवून सपाट ताटलीनं हळू दाबा आणि नंतर कड हातानं गोल करा. टॉर्टियाचं दाबयंत्र पूर्ण खाली दाबलात तर मात्र आतलं सगळं बाहेर.

तवा बिडाचा, जाड, नीट तापलेला. पाण्याचा थेंब टाकला की नाचत उडायला हवा. मग आच मध्यम करा. तेलाचा नुसता हात पुसल्यासारखा. पुपुसा ठेवली की चार मिनिटं तिला हात लावायचा नाही. खालून तपकिरी ठिपके आले की ती आपोआप सुटते. चिकटली आहे असं वाटलं तर अजून झालेली नाही, एवढाच अर्थ. उलटा, परत तीन-चार मिनिटं. दुसऱ्या बाजूला असताना ती फुगते, आत वाफ धरते. इथे उलथन्यानं दाबायचा मोह होतो, भाकरी-पोळीची सवय. दाबू नका. तव्यावर वाहिलेल्या चीजची जी गोष्ट तुम्ही लिहिलीत त्यात या दाबण्याचा वाटा असणार. कडेनं थोडं चीज निसटून तव्यावर कुरकुरीत झालं तर ते दोष मानत नाहीत, उलट तोच तुकडा आधी उचलला जातो. पण सगळंच बाहेर आलं तर पीठ कोरडं होतं किंवा आच फार होती. बाहेरून डागली आणि आत चीज घट्टच, तर आच नक्कीच जास्त.

पुपुसाबरोबर दोन गोष्टी हव्यातच. पहिली ‘कुर्तीदो’, आंबवलेल्या चवीची कोबी. अर्धा किलो कोबी शक्य तितकी बारीक उभी चिरा, वरून उकळतं पाणी ओता, मिनिटभरात निथळा आणि गार पाण्यानं थांबवा. एक गाजर किसून, एक लहान कांदा पातळ चिरून, छोटा चमचा सुकं ओरेगॅनो (पिझ्झाबरोबर आलेली पाकिटं चालतील), मीठ, अर्धी वाटी व्हिनेगर, अर्धी वाटी पाणी. हवी तर हिरवी मिरची उभी चिरून. बरणीत दाबून भरा. त्याच दिवशी खाता येतं, पण दुसऱ्या दिवशी खरं लागतं, म्हणून आदल्या रात्री करून ठेवा. दोन दिवस बाहेर ठेवून मग फ्रिजमध्ये टाकणारेही आहेत. त्यांचं व्हिनेगर कमी असतं आणि आंबटपणा आंबण्यातून येतो. आपल्या उन्हाळ्यात मी हे सुचवणार नाही.

दुसरी गोष्ट टोमॅटोची पातळ साल्सा: टोमॅटो, थोडा कांदा, लसूण, ढोबळी मिरचीचा तुकडा पाण्यात शिजवून, वाटून, मीठ घालून परत एक उकळी. ती तिखट नसते. साल्वाडोरचं जेवण मेक्सिकोसारखं जहाल नाही, तिखट हवं त्यानं वेगळं घ्यायचं. पुपुसा पानात, तिच्यावर कुर्तीदोचा ढीग, वर साल्सा, आणि हातानं तोडून खायची. काटा-चमचा मागितलात तर कोणी अडवणार नाही, पण शेजारच्या टेबलावरून हसू येईल.

इतिहासाचं थोडं, कारण तुम्ही विचारलं आहे की हे होंडुरासचं की एल साल्वाडोरचं. दोन्हीकडे खातात आणि दोन्हीकडचे लोक भांडतात. एल साल्वाडोरच्या संसदेनं 2005 साली पुपुसाला राष्ट्रीय पदार्थ ठरवलं, आणि नोव्हेंबरचा दुसरा रविवार तिचा दिवस म्हणून. सीमा आखल्या जाण्याच्या फार आधीपासून तिथे मका आणि घेवडा शेजारी शेजारी पिकत होते. जोया दे सेरेन नावाचं एक खेडं सातव्या शतकाच्या सुमारास ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. 1976 मध्ये ते सापडलं आणि 1993 पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथल्या घरांत साठवलेला मका, घेवडा आणि दळायचे पाटे जसेच्या तसे मिळाले. चीज आणि डुकराचं मांस मात्र स्पॅनिश लोकांबरोबर आलं, त्यामुळे आजची रेव्हुएल्ता त्या खेड्यात कोणी खाल्ली नसणार. आणि व्हर्जिनियात प्रत्येक कोपऱ्यावर पुपुसेरी का, याचं उत्तर 1980 ते 1992 च्या यादवी युद्धात आहे. त्या काळात लाखो लोक देश सोडून गेले, आणि वॉशिंग्टनच्या आसपास, म्हणजे व्हर्जिनिया-मेरीलंडकडे, व लॉस एंजेलिसला त्यांची मोठी वस्ती झाली.

तिथे पुन्हा गेलात आणि घरात कोणी शाकाहारी असेल, तर ‘राजमा-चीज’ एवढ्यावर विसंबू नका. राजमा डुकराच्या चरबीत परतलेला असण्याची शक्यता बरीच असते. ‘मान्तेका’ घातली आहे का, असं सरळ विचारा. मान्तेका म्हणजे तीच चरबी. काही ठिकाणी तेलात करतात आणि ते सांगतात. चीज-लोरोको किंवा आयोते-चीज त्या मानानं सुरक्षित, पण तवा सगळ्यांचा एकच असतो, हे ज्यांना चालत नाही त्यांनी घरीच कराव्यात.

राहिला प्रश्न कडक होण्याचा. मक्याची पुपुसा गार झाली की थोडी घट्ट होणारच. तव्यावरून काढल्या की सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा, तासभर मऊ राहतात. जास्त करून ठेवायच्या असतील तर दोन्ही बाजूंनी एकेक मिनिट कमी भाजा, पूर्ण गार करा, मधे बटर पेपर घालून फ्रीझरमध्ये ठेवा, महिनाभर चांगल्या राहतात. खाताना बाहेर काढून वितळवत बसू नका. गोठलेलीच मंद तव्यावर ठेवा, हाताला पाणी लावून वरून एक शिपका, झाकण, प्रत्येक बाजूला पाच-सहा मिनिटं, आणि शेवटचं मिनिट झाकण काढून. मायक्रोवेव्हमध्ये तीच पुपुसा रबरासारखी होते. कच्च्या भरून फ्रीझरमध्ये ठेवू नका, वितळताना पीठ ओलं होतं आणि हातात घेताच फाटते.